जाती, प्रजाती आणि कायद्यातला मासा

टाचण
मंडळी, एका अनुवादात अडकले आहे. विधी शाखेच्या विद्यार्थ्यांसाठी एक संकलन निघतंय, त्यात अमेरिकेच्या १९७३च्या 'संकटग्रस्त जाती' कायद्यावरचा लेख मी मराठीत आणते आहे. 'स्पीशीज'साठी मी सगळीकडे 'जाती' लिहिलं. संपादकांनी सगळीकडे 'प्रजाती' केलं. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "आपल्याकडच्या वन्यजीव संरक्षण कायद्याशी तुलना करताना तुम्ही 'अनुसूचित जाती' लिहिलंय. हे छापलं तर वाचणारा काय समजेल?" यावर मला उत्तर सुचलं नाही. पण जीनससाठी, म्हणजे जातीच्या वरच्या पायरीसाठी, मी 'प्रजाती' वापरला होता. आता एकाच परिच्छेदात वरचीही प्रजाती आणि खालचीही प्रजाती!

दुसरी अडचण व्याख्येच्या कलमातली. माझा कच्चा खर्डा असा: "'जाती' या संज्ञेत मासे, वन्यजीव वा वनस्पती यांची कोणतीही उपजाती, तसेच पृष्ठवंशी मासे वा वन्यजीव यांच्या कोणत्याही जातीची, प्रौढपणी आपसांत प्रजनन करणारी, वेगळी ओळखू येणारी लोकसंख्या यांचा समावेश होतो." माशांची लोकसंख्या? 'लोक' कुठून आले? पॉप्युलेशनला चांगला शब्द सुचवा. शनिवारी मजकूर द्यायचाय.

ऱ्हस्वदीर्घ
संपादकांना शाळेचं विज्ञानाचं पुस्तक भेट द्या. सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती. प्रजाती म्हणजे जीनस, जाती म्हणजे स्पीशीज. विश्वकोशातल्या वनस्पतींच्या नोंदी उघडा, 'या प्रजातीत इतक्या जाती आहेत' अशीच वाक्यं सापडतील. 'वाघ ही प्रजाती' हे हिंदी वाहिन्यांवरून आलेलं खूळ आहे. तिकडे जीनसला 'वंश' म्हणतात, म्हणून त्यांना 'प्रजाति' खाली वापरायला मोकळी. आपल्याकडे ती जागा आधीच भरलेली आहे. शिवाय 'प्र' हा उपसर्ग मोठेपणा दाखवतो. जातीहून मोठी ती प्रजाती. इतकं सरळ आहे.

रापण
मग शाखेहून मोठी ती प्रशाखा काय?

ऱ्हस्वदीर्घ
प्रशाखा हा वेगळा विषय आहे.

पेशीभित्ती
मी महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते. पुस्तकात ऱ्हस्वदीर्घ म्हणतात तसंच आहे, वर्गात मात्र नाही. मुलं 'प्रजाती' म्हणाली की मला आधी विचारावं लागतं, कुठली पायरी म्हणतोस? वर्तमानपत्रं, वनखात्याचे फलक, संग्रहालयातल्या पाट्या, सगळीकडे प्रजाती म्हणजे स्पीशीज. वीसेक वर्षांत हा शब्द एक पायरी खाली घसरलाय आणि परत वर चढेल असं मला वाटत नाही.

व्युत्पत्तीच काढायची तर एक गंमत सांगते. 'स्पीशीज' मूळ लॅटिनमध्ये दिसण्याशी, रूपाशी जोडलेला शब्द. आपली 'जाती' जन् धातूवरून, म्हणजे जन्माशी जोडलेली. जीवशास्त्रात या दोन्ही बाजूंची भांडणं झाली आहेत. एक पक्ष म्हणतो, दिसण्यात फरक असेल तर वेगळी जात. एर्न्स्ट मायर यांनी १९४२मध्ये मांडलेली व्याख्या म्हणते की आपसांत प्रजनन करणारा आणि इतरांपासून त्या बाबतीत तुटलेला समूह ती जात. अमेरिकी कायद्यातलं 'प्रौढपणी आपसांत प्रजनन करणारी' हे शेपूट याच विचाराच्या घरातलं. त्यामुळे टाचणताई, 'जाती' हा शब्द त्या कलमाला मूळ शब्दापेक्षाही चपखल बसतो.

वकीलपत्र
चपखल बसला तरी कायद्याच्या मजकुरात चालणार नाही. संपादकांचा आक्षेप पोरकट नाही. 'अनुसूचित जाती' ही राज्यघटनेतली संज्ञा आहे, अनुच्छेद ३४१ आणि ३६६ पाहा. घटनेत माणसांच्या हक्कांसाठी जो शब्दसमूह ठरलाय, तोच प्राण्यांच्या यादीवर लावायचा? घोटाळा होईल तो होईलच, पण ते वाचायलाही बरं नाही. 'अनुसूचीतील जीवजाती' लिहा. अनुसूची राहते, जाती राहते, घोटाळा जातो.

आणि 'जीवजाती' लिहिताना तळटीप द्या की हा शब्द इथे कायद्याच्या अर्थाने आहे. त्या कलमात उपजातही 'जाती', तिचा एखादा वेगळा कळपही 'जाती'. जीवशास्त्राच्या परीक्षेत असं लिहिलं तर पेशीभित्ती बाई शून्य देतील.

पेशीभित्ती
अर्धा गुण देईन. कारण त्यामागे हेतू दिसतो. वॉशिंग्टन राज्याच्या समुद्रात ऑर्का देवमाशांचे जे रहिवासी कळप आहेत, ते २००५मध्ये या कायद्याखाली संकटग्रस्त ठरले. जगभर ऑर्का भरपूर आहेत, पण हे कळप सालमन खाऊन जगतात आणि त्यांची बोली, खाणं, कुटुंबं सगळं वेगळं. पूर्ण जात संपण्याची वाट न बघता एक कळप वाचवायचा तर कायद्याला तेवढी सोय लागते.

शून्य मात्र मी दुसऱ्याच कारणासाठी देईन. ही कळपाची सवलत फक्त पाठीचा कणा असलेल्यांना. फुलपाखराचा वेगळा समूह कितीही वेगळा असो, त्याला नाही. झाडालाही नाही. निसर्गात अशी रेघ कुठेही आखलेली नाही, ती १९७८च्या दुरुस्तीत आखली.

ओरेगावकर
इथे पोर्टलंडजवळ राहतो, त्यामुळे या 'कळपा'च्या भांडणातच गेली अनेक वर्षं जगतोय. माझा शेजारी मासेमारीचा नादी. त्याच्या मते नदीतला सालमन आणि हॅचरीत वाढवून सोडलेला सालमन एकच. शेपटीजवळचा छोटा पर कापलेला असतो म्हणून हॅचरीचा ओळखायचा, एवढाच फरक. जीवशास्त्रवाले म्हणतात, एकच नाहीत. टाकीत वाढलेल्या पिढ्यांची नदीत जगण्याची ताकद घटते. २००१मध्ये ओरेगनच्या किनाऱ्यावरच्या कोहो सालमनचा खटला निकाली निघाला. सरकारने एक समूह ठरवला, त्यात हॅचरीचे मासेही धरले आणि संरक्षण मात्र नदीत जन्मलेल्यांनाच दिलं. न्यायाधीश होगन म्हणाले, कायद्यात 'जाती, उपजाती किंवा वेगळा समूह' इतकीच मापं आहेत. समूह एकदा ठरवलात की त्याचे आणखी तुकडे करून निम्म्यालाच यादीत घालता येणार नाही.

म्हणून 'पॉप्युलेशन'ला शब्द निवडताना जपा. इथे एका शब्दावर मासे मोजायचे की नाहीत हे ठरतं. मी 'समूह' सुचवतो.

ऱ्हस्वदीर्घ
'समूह' फार मोघम. संस्कृतात 'समष्टी' तयार आहे. व्यष्टी-समष्टी. काट्यासारखा नेमका.

रापण
समष्टी म्हटलं की मला कीर्तन ऐकतोय असं वाटतं. 'माशांची समष्टी'. बुवा, पुढचा अभंग घ्या.

टाचण
'जीवसंख्या' कसा वाटतो?

पेशीभित्ती
संख्या म्हणजे आकडा. इथे आकडा नको, आकड्यामागचे प्राणी हवेत. 'जीवसंख्या घटली' चालेल, 'जीवसंख्या स्थलांतर करते' चालणार नाही. 'गट' का नको?

ओरेगावकर
गट म्हटला की ग्रामपंचायत निवडणूक आठवते.

सालई
वनखात्यात आयुष्य गेलं, निवृत्त झालो. आम्ही 'संख्या' आणि 'वावर' हे दोनच शब्द वापरायचो. "इथे अस्वलांचा वावर आहे." कुणाला शंका आली नाही.

पण मला दुसरंच बोलायचंय. यादीतली नावं आणि जंगलातलं जनावर यांची गाठ कशी पडते हे मी बघितलंय. नंदुरबार भागात काही काळ होतो. शहाद्याजवळच्या जंगलात १९९७च्या नोव्हेंबरात रानपिंगळा पुन्हा सापडला. पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट या अमेरिकी अभ्यासकांना. १८८४नंतर कुणी त्याचा खात्रीलायक नमुना गोळा केला नव्हता. मधला एक नमुना १९१४चा म्हणून दाखवला जायचा, तो माइनर्ट्‌झहागेन या इंग्रज गृहस्थाने दुसऱ्याचा चोरून खोटी चिठ्ठी लावलेला निघाला. म्हणजे जो पक्षी पुस्तकात 'नामशेष' धरला जायचा, तो आदिवासी पाड्याच्या शेजारी सागाच्या फांदीवर दिवसाढवळ्या बसलेला. आणि गावातली माणसं त्यालाही पिंगळाच म्हणत, साध्या ठिपकेवाल्यालाही पिंगळाच. यादीत मात्र एक पहिल्या, सर्वांत कडक संरक्षणाच्या अनुसूचीत, दुसरा नाही. पंचनाम्यात 'पिंगळा' लिहिला तर गुन्हा कुठला?

ऱ्हस्वदीर्घ
वनपिंगळा म्हणा. रानपिंगळा म्हणजे 'जंगल आउलेट'.

सालई
आमच्याकडे रान म्हणजेच वन. तुम्ही कुठल्या रानात हिंडलात ते सांगा.

पेशीभित्ती
दोघांनीही पुस्तकं ताडून बघा, मराठी पक्षीनावांत यावर एकमत नाही. शास्त्रीय नावातही नव्हतं. पक्षितज्ज्ञ ह्यूम यांनी १८७३मध्ये त्याला 'हेटेरोग्लॉक्स' या वेगळ्या प्रजातीत (हो, जीनस) टाकलं, नंतर त्याला 'अथीनी'त आणलं, पुढे परत वेगळं काढायला हवं म्हणणारेही आले. पक्षी तोच. यादी मात्र एकदा छापली की त्यातलं नाव गोठतं आणि शास्त्रातलं नाव पुढे चालत राहतं. आरोपीच्या वकिलाने 'या नावाचा पक्षीच अस्तित्वात नाही' म्हणावं अशी ही फट असते.

वकीलपत्र
म्हणून अनुसूचीत सामान्य नाव आणि शास्त्रीय नाव दोन्ही देतात. २०२२च्या दुरुस्तीने आपल्या सहा अनुसूच्यांच्या चार केल्या, १ एप्रिल २०२३पासून त्या लागू झाल्या. पूर्वीची पाचवी अनुसूची आठवते का? उपद्रवी प्राणी. कावळा, उंदीर, घूस आणि फळं खाणारी वटवाघळं एका रांगेत. त्याच कायद्यात सालिम अलींच्या नावाचं फळखाऊ वटवाघूळ मात्र पहिल्या अनुसूचीत.

पेशीभित्ती
वटवाघळांचं सांगायचं तर रॉटनचं वटवाघूळ पण पहिल्या अनुसूचीत. खानापूरजवळ बारापेढे गुहेत, गोवा आणि महाराष्ट्राच्या अगदी सीमेला लागून. ते कीटक खातं. फळखाऊ वटवाघळं परागीभवन करतात, बिया पसरवतात, आणि कायदा त्यांना उंदरांच्या बरोबरीने धरत होता. शास्त्राने काय सांगितलं आणि कायद्याने काय ऐकलं याचा याहून स्वच्छ नमुना मिळणार नाही.

रापण
आमच्या मालवणात याच्या उलट झालं. २००१च्या जुलैत सरकारने एका फटक्यात सगळ्या मोऱ्या, मुशा, वागळ्या, म्हणजे शार्क आणि त्यांच्या नात्यातले मासे, पहिल्या अनुसूचीत घातल्या. म्हणजे वाघाच्या शेजारी. किनाऱ्यावर बोंब झाली. डिसेंबरात यादी आटोपती घेऊन देवमोरीसारखी दहा नावं ठेवली. (व्हेल शार्कला देवमोरी म्हणणारा बहुधा मी एकटाच, पण मला आवडतो.) आता बघा, तेव्हा यादीत दहा, जाळ्यात डझनावारी. आमच्या आजोबांना विचारलं, "ही खयची मोरी?" तर म्हणत, "मोरी ती मोरी, आणि खयची?" त्यांना कळत नव्हतं असं नाही. कुठली कुठल्या महिन्यात येते, कुणाची कातडी राख लावून घासावी लागते, सगळं पाठ. पण नाव एकच. नाव वेगळं ठेवायला बाजारात भाव वेगळा लागतो.

ऱ्हस्वदीर्घ
'देवमोरी' हा शब्द मंजूर नाही. देवमासा म्हणजे व्हेल, तोच मुळात मासा नाही. आधीचा घोळ काय कमी आहे? दर महिन्याला बातमी येते, 'व्हेल माशाची उलटी जप्त'. व्हेल मासा नाही आणि ती उलटी आहे की नाही यावरही वाद आहे. एका मथळ्यात किती चुका?

टाचण
बरं झालं मासा निघाला! तिसरी अडचण तीच आहे, संकोचाने विचारली नव्हती. लेखात कॅलिफोर्नियातला २०२२चा एक निकाल आहे. अपील न्यायालय म्हणालं की बंबलबी हा 'मासा' आहे. संपादकांनी समासात तीन प्रश्नचिन्हं काढली आहेत.

वकीलपत्र
काढू देत. निकाल बरोबर आहे. त्या राज्याचा कायदा पक्षी, सस्तन, मासे, उभयचर, सरपटणारे आणि वनस्पती यांना संरक्षण देतो. कीटकांचं नाव नाही. पण त्याच संहितेत 'मासा' या शब्दाची व्याख्या आहे: मासे, मृदुकाय, कवचधारी, अपृष्ठवंशी, उभयचर... अपृष्ठवंशी म्हटलं की मधमाशीही आली. आधी एका जमिनीवरच्या गोगलगायीला याच वाटेने यादीत घेतलेलं होतं. चार बंबलबींवर आक्षेप होता बदाम बागायतदारांच्या संघटनेचा, न्यायालयाने तो फेटाळला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने नंतर त्यात हात घालायला नकार दिला.

त्यामुळे अनुवादात 'मासा'च ठेवा, अवतरणचिन्हांत. 'जलचर' वगैरे सोज्वळ पर्याय टाकलात तर निकालातली सगळी गंमत आणि सगळा तर्क जाईल. आपल्याही कायद्यात 'शिकार' शब्दात पक्ष्याचं घरटं मोडणं, अंडं फोडणं येतं. कुणी म्हणत नाही की अंड्याची शिकार कशी होते.

रापण
चला, मधमाशी पण मोरी. आजोबा बरोबर होते.

पेशीभित्ती
आणि बंबलबीला काय लिहिणार, टाचण? 'भुंगा' लिहू नका, आपला भुंगा म्हणजे लाकूड पोखरणारी ती काळी मोठी माशी. बंबलबी आपल्याकडे मुख्यतः हिमालयात, मराठी मुलखात तिच्याशी कुणाचा परिचयच नाही, तर नाव कुठून असणार? 'बंबलबी'च ठेवा.

ऱ्हस्वदीर्घ
'भ्रमर' आहे की! कालिदासापासून आहे.

पेशीभित्ती
कालिदासाचा भ्रमर कुठल्या प्रजातीतला ते सांगा, मी लगेच वापरते.

ओरेगावकर
प्रजाती की जाती?

सालई
हे सगळं ठीक, पण मूळ प्रश्नातली खरी गोम कुणी काढली नाही. यादी करताना जात वेगळी ठरली आणि उद्या शास्त्रज्ञ म्हणाले वेगळी नव्हती, मग?

वकीलपत्र
झालंय की. टेनेसीतला स्नेल डार्टर, बोटभर मासा. १९७३मध्ये डेव्हिड एटनियर यांना लिटल टेनेसी नदीत सापडला. त्याच्यासाठी जवळपास पूर्ण झालेलं टेलिको धरण सर्वोच्च न्यायालयाने १९७८मध्ये अडवलं. पुढल्या वर्षी अमेरिकी काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, खास सूट देऊन ते पूर्ण करून घेतलं. मासे दुसऱ्या नद्यांत सोडले, इतरत्रही सापडले, आणि २०२२मध्ये त्याचं नाव यादीतून काढलं. २०२५च्या आरंभी येल विद्यापीठातल्या थॉमस निअर यांच्या गटाने निबंध छापला की हा वेगळा मासा नव्हताच, 'स्टारगेझिंग डार्टर' या आधी ज्ञात असलेल्या माशाचाच पूर्वेकडचा समूह आहे.

ओरेगावकर
यावर इथे वर्तमानपत्रांत जे झालं ते विचारू नका. 'खोट्या माशाने धरण अडवलं' वगैरे. मासा खोटा नव्हता हो, पाण्यात पोहत होता.

पेशीभित्ती
तेच. आणि तो पृष्ठवंशी. टाचणच्या व्याख्येप्रमाणे 'वेगळा समूह' म्हणूनही त्याला संरक्षण देता आलं असतं. आताचे शब्द १९७८च्या दुरुस्तीतले आणि हा यादीत आला १९७५ला, पण आपसांत प्रजनन करणाऱ्या समूहाची सोय मूळ १९७३च्या व्याख्येतही होती. शिवाय त्या निबंधावरही सगळ्यांचं एकमत नाही. समूह कुठे संपतो आणि जात कुठे सुरू होते हे जनुकांतही रेघ मारून लिहिलेलं नसतं, अभ्यासक ठरवतात, पुरावे देऊन ठरवतात, आणि नवा पुरावा आला की बदलतात. कायद्याला मात्र मंगळवारी अकरा वाजता 'हो' किंवा 'नाही' हवं असतं. म्हणून तर त्या कायद्यात 'उपलब्ध असलेली सर्वोत्तम शास्त्रीय आणि व्यापारविषयक माहिती' असे शब्द आहेत. 'उपलब्ध' वर जोर. टाचण, इथे 'व्यापारविषयक' म्हणजे त्या प्राण्याच्या खरेदीविक्रीची माहिती. 'आर्थिक परिणाम' असं लिहून बसू नका. यादीत घालताना धरणाला किती खर्च आला हे बघायचंच नाही, असं ते कलम सांगतं.

टाचण
हे फारच उपयोगी. मी 'व्यावसायिक' लिहिलं होतं, बदलते. आणि 'हॅबिटॅट'ला 'अधिवास' ठेवते ना?

सालई
ठेवा, पण तहसील कचेरीत 'वय अधिवास दाखला' मिळतो हे लक्षात असू द्या. सोलापूरकडच्या एका शेतकऱ्याने मला विचारलं होतं, "साहेब, माळढोकाचा अधिवास आमच्या गटनंबरात कसा? त्याचा दाखला कुणी दिला?" तो चेष्टा करत नव्हता. जमिनीवर निर्बंध आले होते, त्याला कागद हवा होता. मला उत्तर देता आलं नाही. 'राहण्याची जागा' म्हटलं असतं तर त्याचा राग कमी झाला नसता, पण निदान दाखल्याचा प्रश्न आला नसता.

ऱ्हस्वदीर्घ
त्यात 'अधिवास' शब्दाचा दोष काय? दाखला देणाऱ्यांनी चुकीचा वापरला. डोमिसाईलला 'निवास' पुरे होता.

वकीलपत्र
नाही हो, निवास वेगळा आणि अधिवास वेगळा. कायद्यात दोन संज्ञा आहेत. आता यावर स्वतंत्र धागा काढा.

टाचण
नको नको, शनिवार आलाच. आजपर्यंतचं ठरलेलं लिहिते: 'जीवजाती' आणि 'उपजाती'. जीनसला 'वंश', म्हणजे 'प्रजाती' हा शब्दच टाळते. 'मासा' अवतरणात. बंबलबी बंबलबी. पॉप्युलेशनचं मात्र अजून काहीच...

ऱ्हस्वदीर्घ
वंश? हिंदीला शरण गेलात तर.

रापण
'समूह' घ्या आणि मोकळ्या व्हा. आमच्याकडे माशांच्या झुंडीला 'मांद' म्हणतात, पण ते तुमचे संपादक घेणार नाहीत.

पेशीभित्ती
मांद! रापण, हा शब्द कुठकुठल्या माशांसाठी? तारली, बांगडा? की मोरीलाही?

वकीलपत्र
त्याआधी टाचण, 'टेक' या शब्दाचं काय केलंत ते सांगा. त्या कायद्याचा सगळा जीव त्या शब्दात आहे. छळणं, इजा करणं, पाठलाग, मारणं, पकडणं, गोळा करणं, सगळं 'टेक'. आणि १९९५च्या स्वीट होम खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं की राहण्याची जागा नष्ट करून प्राणी मारणं वा जखमी करणं हीही त्यातली 'इजा' धरता येते.

टाचण
मी 'शिकार' लिहिलं होतं. संपादकांनी 'घेणे' केलंय.

ऱ्हस्वदीर्घ
'घेणे' नाही. 'ग्रहण'.